देवी नाही, शुगर मोजा

माझ्या अंगात देवी चार वेळा आली आणि चारही वेळा काहीतरी गोड खाऊन गेली. एवढी एक गोष्ट जरी माझ्या किंवा माझ्या डॉक्टरांच्या वेळेवर ध्यानात आली असती, तर हे लिहायची पाळी आली नसती. आमचा हल्याही आज गोठ्यात असता.

मी अंगणवाडी सेविका. अड्याळपासून तीन कोसांवर आमचं गाव, तळ्याखाली धानाची शेती. घरात आमचे हे, सासूबाई आणि मी. मुलगी लग्न होऊन साकोलीला गेली. माझं वय बावन्न. गेली चोवीस वर्षं गावातल्या बायांना मी एकच वाक्य ऐकवत आले आहे: डॉक्टर सांगतात तसं करा, आपली अक्कल चालवू नका. ऐकणाऱ्या बायांनी ते कितपत मनावर घेतलं देव जाणे, पण माझ्या स्वतःच्या हाडीमासी ते पुरतं मुरलं होतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. बाकीच्यांनी नुसतं हसायला म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही.

भात बंद

मला शुगर कळली ती परोपकार करताना. गावात तपासणी शिबिर होतं आणि दौलतबुवा नावाचे आमच्या गल्लीतले म्हातारे सुईला भिऊन बोट मुठीत लपवून बसले होते. मी म्हटलं, "बुवा, हे पाहा, मी पहिले देते. काई नाही होत." नर्सबाईंनी माझं बोट टोचलं, मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं बोट मागितलं. बुवांची शुगर चांगली निघाली. तेव्हापासून मी समोरून येताना दिसले की बुवा दोन्ही हात धोतरात लपवतात.

घरी येऊन तांदूळ धुताना मला रडू आलं. माझ्या मोठ्या बहिणीचा पाय शुगरनं गेला होता. मला तोच दिसत होता.

भंडाऱ्याच्या ज्या डॉक्टरांकडे गेलो ते हुशार आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे, हे आजही म्हणेन. फक्त त्यांची मान कायम कागदात. बाहेर ही गर्दी, माणूस वर बघणार तरी कधी? त्यांनी रोज सकाळी एक गोळी लिहिली आणि म्हणाले, "भात बंद, गोड बंद, महिन्यानं या." मी दिवसभरात खाते किती, उपास करते का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय बोलणं मला आगाऊपणाचं वाटायचं.

भंडारा जिल्ह्यात राहून भात बंद! आमचे हे तर जेवता जेवता थांबलेच. "भात बंद? मंग खाशीन काय वो, तणीस?" तणीस म्हणजे धानाचा पेंढा, तो आम्ही ढोरांना घालतो. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं ना, झालं तर मग. भाताबरोबर मी पोळीलाही कात्री लावली, म्हणजे शुगर लवकर पळेल. सकाळी गोळी, दुपारी एक पोळी, संध्याकाळी वरणाचं पाणी. अशी गुणाची पेशंट त्या डॉक्टरांना अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नसती.

पहिली देवी

त्यातच नवरात्र लागलं. नऊ दिवस मी सकाळी चहावर असते आणि संध्याकाळी आरती झाल्यावर भगर खाते. गोळी अर्थात चालूच होती. औषधाला कुठला आलाय उपास?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीचं ताट माझ्या हातात थरथरायला लागलं. पोलकं घामानं ओलंचिंब झालं. एका दिव्याचे चार दिवे दिसायला लागले आणि मला भयंकर राग आला. कशाचा ते विचारू नका. आमच्या सासूबाईंना आरतीचं शेवटचं कडवं तीनदा म्हणायची सवय आहे. त्यांनी दुसऱ्यांदा सुरू केलं आणि मी ओरडले, "गप बस म्हातारे! आटप लवकर!"

एकतीस वर्षांच्या संसारात मी सासूबाईंना 'आत्याबाई' आणि 'तुम्ही' याखेरीज हाक मारलेली नव्हती. शेजारच्या बायांच्या टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आपल्या सुनेनं असं बोलणं शक्य नाही, याची त्यांना पुरेपूर खात्री होती. म्हणजे बोलली ती सून नाही. त्यांनी हातातली घंटी खाली ठेवली आणि सरळ माझ्या पाया पडल्या.

"चुकलं असन तं माफ कर, माय. काय पायजे तुले?"

"गोड," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

त्यांनी नैवेद्याचे चार पेढे माझ्या तोंडात घातले. दहा मिनिटांनी माझी मी जागेवर आले तेव्हा कपाळभर कुंकू होतं, केस मोकळे सोडलेले होते आणि समोर पाच बाया हात जोडून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः चहा करून मला हातात आणून दिला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी आयता चहा दिला होता, आणि देवीमुळे का होईना, मी तो बसून प्याले.

अंगात येते

तरी मनात पाल चुकचुकत होतीच. गोळी सुरू होण्याआधी ही देवी कुठे होती? महिना भरला तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, घाम सुटते, हातपाय थरथरते, आणि मंग अंगात येते."

आमच्याकडे याला हाच शब्द आहे. दुसरा मला आठवलाच नाही.

डॉक्टर मान वर न करताच हसले. "मावशी, देवीवर माझ्याकडे औषध नाही." दारातला कंपाउंडर हसला. मग मीही हसले, एकटीनं गंभीर बसणं बरं दिसेना म्हणून.

त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि हसू थांबलं. शुगर वाढलेली होती. वाढणारच! पहिल्या देवीनंतर मी जरा शिंकले तरी सासूबाई पेढा घेऊन धावायच्या आणि दर्शनाला येणाऱ्या बाया काही रिकाम्या हातानं येत नव्हत्या. 'देवीला नाही म्हणू नये' म्हणत मी ते सगळं खात होते. डॉक्टरांनी मला पथ्यावरून चांगलं झापलं आणि एकाच्या दोन गोळ्या केल्या, एक सकाळी, एक रात्री.

हे सगळं गोळी सुरू झाल्यापासूनच होतंय, असं मला म्हणायचं होतं. अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण पुढचा पेशंट माझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. मी उठले.

हल्या

आता गोळ्या दोन झाल्या आणि ज्या घरात देवी येते त्या घरच्या बाईनं दर शुक्रवारी उपास धरलाच पाहिजे, असा सासूबाईंचा हुकूम निघाला. दोन्ही हुकूम मी पाळले.

अशाच एका शुक्रवारी दुपारी अंगणात सूप घेऊन बसले होते आणि सूपच हातातून निसटलं. घाम, थरथर, सगळं पहिल्यासारखं. सासूबाई धूप आणि गुळाचा खडा घेऊन हजर. आणि आमचे हे, जे धान सोडून कशावर विश्वास ठेवत नाहीत, ते गोठ्यातून धावत आले आणि माझ्यापुढे हात जोडून बसले. त्यांना एक पेच पडला होता. आमचा हल्या, म्हणजे रेडा, एका व्यापाऱ्यानं मागितला होता.

"माय, हल्या ठेवू का देऊ?"

माझी नजर सासूबाईंच्या हातातल्या गुळावर होती. "दे," मी म्हणाले. "दे, दे, लवकर दे!"

देवीनं तीनदा सांगितल्यावर कोण थांबतो? अड्याळच्या पुढच्या बाजाराला हल्या गेला. तो माझ्या आवाजाला ओळखायचा. मी अंगणवाडीतून आले की मान वर करायचा. मी दोन दिवस डोळे पुसत होते आणि आमचे हे माझी समजूत घालत होते, "अवो, देवीच्या मर्जीपुढं आपलं काय चालते?"

गंज

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पुढचं नाही.

आमच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून शेवंताबाई आहेत. एका दुपारी त्या पोरांच्या ताटल्या मांडत होत्या आणि मी चुलीवरून खिचडीचा गंज उचलला. मोठं पातेलं, वाफ निघत होती. पोरं ओळीनं बसली होती. चार पावलं गेले आणि मला जमीन कुठे आहे ते कळेना. एक पोरगी खिदळली, "बाई नाचून राहिली!" तेवढ्यात शेवंताबाईंनी झेप घेऊन गंज माझ्या हातून हिसकला. त्यांची बोटं भाजली, पण खिचडी सांडली नाही. मग मला भिंतीला टेकवून बसवलं आणि डब्यातली साखर थोडी थोडी करून मला खायला लावली.

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "देवीबिवी काई नाही, बाई. माह्या भावाले असंच होये. गोळी जास्त होऊन राहिली तुमाले."

"डॉक्टरनं दिली ना पण."

"डॉक्टरले तुमी सांगतलं का?"

"सांगतलं."

"काय सांगतलं?"

मी सांगितलं. शेवंताबाईंनी भाजलेल्या हातानंच कपाळ बडवलं. "अवो बाई, 'अंगात येते' म्हनलं तं थो डॉक्टर का करन? नारळ फोडन?"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. ज्या जागी माझा तोल गेला तिथे चार वर्षांची पोर बसली होती, तीच 'बाई नाचून राहिली' म्हणून खिदळणारी. ती भाजली असती. मी नीट बोलले नाही म्हणून ती भाजली असती, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

शेवंताबाईंचं म्हणणं, गोळ्या तळ्यात फेका. ते मात्र मी ऐकलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका. आपल्या मनानं गोळी बंद करायची नसते, हे मी बायांना उगाच सांगत नव्हते. मी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "परवा या. उपाशी पोटी या." मी विचारलं, "आणि सकाळची गोळी?" तो म्हणाला, "रोजची आहे ना? मंग घ्यायचीच." आणि फोन ठेवला.

घरी मी सांगितलं की ही देवी नाही, गोळी आहे. सासूबाईंचा चेहरा उतरला. आमचे हे उठून गोठ्यात डोकावून आले. मग म्हणाले, "मंग हल्या कोनं विकाले लावला?" 

उपाशी पोटी

भंडाऱ्याला सासूबाई सोबत आल्या. "देवी असन तं मी पायजे आन नसन तरी मी पायजे," म्हणाल्या.

सकाळी सहाला गोळी घेतली आणि पहिल्या एसटीनं निघालो. शेवंताबाईंनी बजावलं होतं म्हणून गुळाचा एक खडा जवळ ठेवला होता. आठ वाजता दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्याशिवाय रक्त घेत नाहीत, आणि डॉक्टर एका तातडीच्या पेशंटसाठी बाहेर गेले होते. नऊ वाजले. साडेनऊ. पाठीवरून घाम उतरायला लागला. दहाला बोटं थरथरायला लागली.

गुळाचा खडा माझ्या मुठीत होता. घामानं तो विरघळायला लागला होता. आणि मी तो खात नव्हते, कारण मला 'उपाशी पोटी' सांगितलं होतं. आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते. माणूस पाण्यात बुडतोय आणि अंग ओलं होऊ नये म्हणून हात मारत नाही, तशातली गत!

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उभ्या राहिल्या. "आली! माय आली!"

बाकावरची सगळी माणसं उठली. एकानं चपला काढल्या. एका बाईनं मुलीच्या एक्स-रेची पिशवी माझ्या पायाशी ठेवली. एका काकांनी विचारलं, "माय, मुतखड्याचं ऑपरेशन करू का नको?" मला हसणारा तो कंपाउंडर गणपतीच्या फोटोपुढची उदबत्ती उपटून माझ्याकडे धावला.

या खेपेला मला ठाऊक होतं काय होतंय ते. जीभ जड झाली होती. सगळा जोर लावून मी म्हणाले, "देवी नाही... शुगर... मोजा."

सासूबाईंनी गर्दीकडे तोंड केलं. "माय म्हनते, शुगर मोजा!"

"मोजा, मोजा!" सगळा हॉल म्हणाला. मागून कोणीतरी विचारलं, "सगळ्याइची का?"

नेमके त्याच वेळी डॉक्टर दारातून आत आले. त्या गर्दीत हात न जोडता उभे असलेले ते एकटेच. ते वाट काढत आले, वाकले आणि त्यांनी माझा चेहरा पाहिला. आधी दोन खेपा झाल्या होत्या, पण चेहरा पहिल्यांदाच. बोट टोचलं. मशीनवर काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, नुसते ओरडले, "ग्लुकोज आणा! पळा!" पेला त्यांनी स्वतः माझ्या तोंडाला लावला. 

मीच

आज मी बरी आहे, ते आधीच सांगून टाकते. गोळी बदलली. दोन्ही जेवणांत वाटीभर भात आहे. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, आणि घाम-थरथर झालीच तर आधी साखर खायची, मग बाकीचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. हे सगळं त्या दिवशी केबिनमध्ये ठरलं. पण आपोआप ठरलं नाही.

अर्ध्या तासानं मी बसण्यासारखी झाले. सासूबाई शेजारच्या स्टुलावर. डॉक्टरांची मान पुन्हा कागदात गेली होती. "रात्रीची गोळी बंद करतो. सकाळचीही आता घेऊ नका, दुसरी देतो. तीन दिवसांनी या." त्यांनी कागद पुढे केला.

कागद घ्यावा, नमस्कार करावा आणि निघावं, असं मन सांगत होतं. पाय उठायलाही लागले होते. पण डोळ्यांपुढे तो गंज होता.

"साहेब, हे गोळीनं झालं का?"

"हो, म्हणजे... होतं कधी कधी. उपाशी राहिलं की होतं."

"मग गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे मला कोणीच नाही सांगितलं."

त्यांचा पेन थांबला.

"नऊ दिवस उपास केला मी. तुम्ही भात बंद म्हटलं, मी पोळीही बंद करत आणली. मागच्या वेळी तुम्हाला घाम सांगितला, थरथर सांगितली. तुम्ही देवीवर हसले आणि गोळी दुप्पट करून दिली. दोन दिवसांमागं माझ्या हातात खिचडीचा कढत गंज होता, साहेब. खाली लेकरं बसली होती."

माझा आवाज कापत होता. या वेळी शुगर चांगली होती, तरी कापत होता. कंपाउंडर दारात येऊन थांबला. आणि बाजूला पाहते तर सासूबाई स्टुलावरून उठून माझ्यापुढे हात जोडून उभ्या! त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या सुनेनं डॉक्टरांना असं तोंडावर बोलणं शक्यच नव्हतं.

"माय," त्यांनी हळूच विचारलं, "तू बोलून राहिली, का माही सून बोलून राहिली?"

"मीच बोलून राहिली, आत्याबाई. वनिता."

 मग त्यांनी जोडलेले हात सोडले, पदर सावरला आणि पुन्हा स्टुलावर बसल्या.

"मंग बोल ना," त्या म्हणाल्या. "कायले घाबरते? मी बसली आहो इथं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोला," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पहिल्या दिवसापासून सांगा."

बाहेर सगळा हॉल खोळंबला होता. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.